पिल्लाला 'बठ' कोणी शिकवलं? घरातल्या पिल्लाचे अनुभव लिहा (खान्देशवाले आधी)

ओट्यावरची_माय
काल समोरच्यांकडे पिल्लू आलं, दीड-दोन महिन्याचं, काळं कुळकुळीत. रात्रभर कुईकुई. सकाळी त्यांचा पोरगा 'सिट सिट' ओरडतोय आणि हे महाशय त्याच्या पायजम्याची नाडी ओढतायत. मला एकदम अमळनेरचा आजीचा मोत्या आठवला. आजी अहिराणीशिवाय बोलायची नाही, त्यामुळे मोत्यापण अहिराणीच. 'बठ' म्हटलं की बसणार, 'आठे ये' म्हटलं की कुठून कुठून धावत येणार. सुट्टीत पुण्याचे मामा आले, 'सिट, सिट डाऊन' करून घसा कोरडा केला, मोत्याने जांभई दिली आणि पाठ करून झोपला.

आजी कळण्याची भाकरी थापायची तेव्हा परातीच्या कडेला चिमूटभर तुकडे मोडून ठेवायची. पिठाळलेला हात वर न्यायचा, 'बठ' म्हणायचं, बूड टेकलं की त्याच क्षणी तुकडा तोंडात. उशिरा नाही, आधी नाही. आजोबांना वाटायचं त्याला शब्द कळतो. मला अजून वाटतं तो हात बघायचा, कारण पीठ लागलेला हात माझा वर गेला तरी बसायचा, मी काही न बोलता.

तुमच्याकडे काय काय झालं, लिहा.

नाडीवाला
नाडी हाहाहा. बिचारा पोरगा

केळीचा_घड
आमच्याकडे रावेरला मळ्यात आणलं होतं राखणीला म्हणून, राखण राहिली बाजूला त्याने ठिबकच्या नळ्या चावायला घेतल्या. नळीला दात लागला की कारंजं उडायचं आणि त्याला वाटायचं हा खेळ आपल्यासाठीच लावलाय. मी संध्याकाळी चक्कर मारायचो, फुटलेली नळी दाखवून रागवायचो, तो कान पाडून बसायचा, मला वाटायचं कळलं याला. काही कळलं नव्हतं, सकाळी केलेल्याचं संध्याकाळी त्याला काय आठवणार, तो फक्त माझ्या तोंडाला घाबरत होता. शेवटी जनावरांचे डॉक्टर म्हटले दात पडायलेत भाऊ, चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्यापर्यंत हिरड्या शिवशिवतात, चावायला दुसरं दे. मग जुन्या सुती पंच्याला गाठी मारून ओला करून फ्रीझरमध्ये ठेवायचो. नळी सोडून पंच्यावर आला. तोवर माझे सोळा-सतरा जोड लागून गेले होते ते वेगळं.

तिसरा_मजला
धागा वाचून रडू आलं. जळगावात फ्लॅट, तिसरा मजला, पिल्लू नऊ आठवड्याचं, सू कुठेही. सासूबाई म्हणाल्या एकतर ते राहील नाहीतर मी. काय करू?

बाराची_डुटी
@तिसरा_मजला सासूबाईंना आधी ट्रेन करा

ओट्यावरची_माय
चेष्टा नको हो, नवीन आहे ती. ताई, झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की, तिन्ही वेळा उचलून त्याच एका जागी न्यायचं, गच्ची असो की बाल्कनीतला ट्रे. झालं की तिथेच तुकडा द्यायचा, घरात आणून नाही. दोन महिन्याचं बाळ दोन-तीन तासांच्या वर धरू शकत नाही, रात्री एकदा तरी उठावं लागतंच. आणि नाक घासू नका त्यात, माझ्या काकांनी केलं होतं, ते पिल्लू मग पलंगाखाली लपून करायला लागलं.

तिसरा_मजला
बरं. लिफ्ट बंद असते पण ठीक

बाराची_डुटी
आता खरं लिहितो. भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, वडील रात्रपाळीहून आले की सायकलचं स्टँड खटकन वाजायचं आणि आमची राणी दारापाशी बसून, शेपटी फरशीवर झाडू मारल्यासारखी. कोणी शिकवलं नव्हतं, वडील डब्यातली उरलेली पोळी द्यायचे एवढंच. पुढे मी सायकल लावली तरी बसायची आणि पोळी नाही दिसली की माझ्याकडे असं बघायची की जणू मी तिचे पैसे बुडवलेत. साखळीला ओढायची मात्र फार. ओढलं की मी पण ओढायचो, ती अजून जोर लावायची. मग गल्लीतल्या एका आजोबांनी सांगितलं, ओढली की खांबासारखा उभा राहा, साखळी सैल झाली की चाल. पहिल्या दिवशी दूध आणायला पाऊण तास लागला, दूधवाला निघून गेलेला.

शेव_कमी_रस्सा_जास्त
आमचा शेवभाजीच्या वासाने पण बसतो, कमांड लागतच नाही

केळीचा_घड
देऊ नको रे रस्सा. कांदा-लसूण कुत्र्याला विषच, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका-द्राक्षं, चॉकलेट पण नाही.

शेव_कमी_रस्सा_जास्त
कांदा नाही लसूण नाही, मग खान्देशात त्याने जगायचं कसं

धुळ्याची_पोर
हसू आलं वाचून पण मला वेगळंच आठवलं. शेरू. आठ आठवड्याचा होता, मी कौतुकाने बाजारात फिरवला, खाली सोडला, लोकांनी लाड केले. पहिली लस झाली होती म्हणून मी निर्धास्त. पार्वो झाला, पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार, तीन दिवसात गेला. नंतर कळलं की सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचे असतात, सोळा आठवड्यांपर्यंत, एकाने भागत नाही. आता जे आहे त्याला मी कडेवर घेऊन फिरवायची, रिक्षा, बँड, हेल्मेटवाले लोक सगळं दाखवलं, पण खाली ठेवलं नाही. आज दिवाळीत फटाक्याला दचकत नाही.

ओट्यावरची_माय
अरेरे. शेरू

नाडीवाला
ताई वाईट वाटलं. तुमची चूक नव्हती, आम्हाला तरी कोणी सांगितलं होतं

रोटाची_सून
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. कानबाईच्या रोटाच्या सणाला घरात सगळे भाऊबंद, पिल्लू येईल त्याच्या अंगावर उडी, पांढऱ्या धोतरावर पावलांचे ठसे. ठरवलं, उडी मारली की सगळ्यांनी पाठ फिरवायची, बोलायचं नाही, ढकलायचं पण नाही कारण ढकलणं म्हणजे त्याला खेळच वाटतो, चारी पाय खाली आले की हात फिरवायचा. सगळ्यांनी पाळलं, एक मोठे सासरे सोडून. ते लपवून पुरणपोळी द्यायचे आणि वर म्हणायचे 'काय करी ऱ्हायनं ते, पोऱ्या शे.' आज दोन वर्षं झाली, कुत्रा कोणावरही उडी मारत नाही, फक्त त्यांच्यावर. आणि तक्रार पण तेच करतात. शिट्टी झाली, जाते

बाराची_डुटी
प्रत्येक घरात एक मोठे सासरे असतातच

तिसरा_मजला
अपडेट: गच्चीवर सू केली!! सासूबाईंनीच तुकडा दिला, भाकरीचा. मला म्हणाल्या तू हळू देतेस.

ओट्यावरची_माय
वा! इकडे समोरच्या पोराला मी हाताचं सांगितलं. आत्ता खिडकीतून दिसतोय, बिस्किट वर धरलंय, पिल्लू बघतंय, बघतंय, बसलं. पण पोराला इतका आनंद झाला की तो नाचत बसला आणि बिस्किट स्वतःच खाल्लं.

शेव_कमी_रस्सा_जास्त
विषय सोडून विचारतो, बामणोदकडून या आठवड्यात कोणी येतंय का जळगावला, भरताची वांगी पाहिजेत

केळीचा_घड
मी येतोय शनिवारी, किती किलो? आणि ऐक, भरताला पात घालशील ना, ती पण कांदाच. कुत्र्याला वाटी चाटू देऊ नको