सिॲटल मरिनर्स : सातव्या सामन्यात मुन्योझला सातव्या इनिंगला का आणलं नाही?

इंदिरानगर_डबे

बेसबॉल बघणाऱ्यांनी मला एक गोष्ट नीट समजावून सांगा. महिना उलटला तरी डोक्यातून जात नाही.

मी इंदिरानगरात जेवणाचे डबे करते. मुलगा सिॲटलजवळ रेडमंडला नोकरीला गेला आणि त्याच्यामुळे मरिनर्स या तिथल्या बेसबॉल संघाशी नातं जुळलं. तिकडे संध्याकाळी 6:40 ला सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे 7:10 झालेले असतात. म्हणजे मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत घरच्या मैदानावरचे बहुतेक सामने नेमके माझ्या पोळ्यांच्या वेळेत. हात पिठात असतात, म्हणून मी बघत नाही, ऐकते. रिक रिझ यांचं रेडिओ समालोचन इतकं स्वच्छ आहे की चेंडू कुठे गेला ते ओट्यापाशी उभं राहून कळतं. सीझनला 162 सामने. रोज ऐकलं की कोण कुठल्या चेंडूला फसतो, कोणाचा हात कधी थकतो, सगळं माहीत होऊन जातं.

आणि यंदाचं, 2025 चं वर्ष काय होतं! आमच्या कॅल रॉलीचे 60 होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे). तो कॅचर आहे हो, म्हणजे विकेटकीपरसारखा. अख्खा सामना उकिडवं बसायचं, ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येणारे चेंडू झेलायचे आणि मग उठून बॅटिंग करायची. कॅचरचा आधीचा विक्रम साल्वाडोर पेरेझचा, 2021 सालचा, 48 चा. (एमव्हीपी, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, त्याच्या मतदानात पहिल्या पसंतीची 17 मतं न्यूयॉर्क यांकीजच्या जज्जला आणि 13 रॉलीला. मला ते अजून पटलेलं नाही.) 2001 नंतर पहिल्यांदाच आम्ही डिव्हिजन, म्हणजे आमचा गट, जिंकली. त्या 2001 मध्ये इचिरो असलेल्या आमच्याच संघाने 116 सामने जिंकले होते आणि तरीही वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, गाठली नव्हती. तीस संघांमध्ये वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला संघ आता हा एकच, 1977 पासून.

डेट्रॉइटविरुद्धचा शेवटचा सामना 15 इनिंग (एरवी नऊच असतात) चालला, जवळपास पाच तास. आमच्या पोलान्कोने विजयी फटका मारला तोवर डबे निघून गेले होते आणि मी भांडी घासायची सोडून नुसती ऐकत बसले होते.

मग टोरांटो ब्लू जेज; आधी चार सामने जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला. ती मालिका आपल्या दिवाळीतच आली. धनत्रयोदशीच्या पहाटे आठव्या इनिंगला आधी रॉलीने बरोबरी साधून दिली आणि नंतर बेस भरलेले असताना सुआरेझने होम रन मारला. आम्ही 3-2 ने पुढे! नरकचतुर्दशीला सहावा सामना गेला. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सातवा. फराळाच्या ऑर्डरी राहिल्या होत्या, कढईत चकल्या होत्या, आणि सहा इनिंग संपेपर्यंत आम्ही 3-1 ने पुढे होतो.

सातव्या इनिंगला आमच्या पिचरने, ब्रायन वूने, एकाला वॉक दिला (चार चेंडू बाहेर टाकले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो), दुसऱ्याने सिंगल (एका बेसचा फटका) मारला, हिमेनेझने बंट करून (बॅट चेंडूला नुसती टेकवून) दोघांना पुढे सरकवलं. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं, एक आउट, समोर जॉर्ज स्प्रिंगर. आमच्या मॅनेजरने, डॅन विल्सनने, वूला काढलं, इथवर ठीक. पण आणलं बझार्डोला. मुन्योझ आपला सगळ्यात भारी रिलीव्हर (सामन्यात मधेच येणारा पिचर), तो बुलपेनमध्येच, राखीव पिचर थांबतात तिथे. स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन मारला आणि 4-3 वर सगळं संपलं.

माझं म्हणणं एवढंच की सामना त्या क्षणाला होता. नवव्या इनिंगला नव्हता. मग सगळ्यात चांगला माणूस तेव्हा का नाही?

सातपूर_सेकंड_शिफ्ट

ताई, मी यांकीजवाला आहे, तरी तुमचा सामना पूर्ण पाहिला. (दुपारची शिफ्ट असली की सकाळ आपलीच असते.)

विल्सनच्या बाजूने सांगतो. सातव्या इनिंगला एक आउट झालेला, म्हणजे अजून आठ आउट काढायचे बाकी (एका इनिंगला तीन). क्लोजरला, म्हणजे शेवटी येऊन सामना संपवणाऱ्या पिचरला, एरवी तीन आउटची सवय. मुन्योझला तिथे खर्च केलं तर पुढे त्यांचा भारी बॅटर गुरेरो परत आला की कोण? शिवाय बझार्डो सिंकर टाकतो, त्यावर चेंडू जमिनीलगत जातो. त्या स्थितीत ग्राउंडर निघाला असता तर फार तर एक धाव गेली असती आणि आघाडी टिकली असती. विचार चुकीचा नव्हता. चेंडू जिथे पडायला हवा होता तिथे पडला नाही, एवढंच.

इंदिरानगर_डबे

पुढे कोण, हा प्रश्न आघाडी शिल्लक असली तरच ना दादा? स्प्रिंगरने यंदा 32 होम रन मारलेत. तो बॅटिंगला उभा म्हणजे पुढे नेणारी धाव तिथेच उभी. आणि सातवा सामना आहे, उद्या सामनाच नाही. उरलेल्या आउटसाठी स्टार्टर (एरवी सामना सुरू करणारे) पिचरसुद्धा वापरता येतात. वू स्वतः स्टार्टरच आहे, तो नाही का पाचव्या इनिंगपासून टाकत होता?

सॉफ्टबॉलवाली

मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, आता पंचवटीत मुलींना शिकवते. मला बझार्डो-मुन्योझ वाद दुय्यम वाटतो. बंटनंतर पहिला बेस रिकामा होता! स्प्रिंगरला मुद्दाम वॉक द्यायचा. बेस भरले की प्रत्येक बेसवर फोर्स आउट मिळतो (धावणाऱ्याला न शिवता, नुसता चेंडू बेसवर आणून), आणि सिंकर टाकणाऱ्याला डबल प्लेची, म्हणजे एका चेंडूवर दोन आउटची, संधी. बझार्डोच आणायचा होता तर त्याला ती संधी तरी द्यायची. आमच्या मुलींना मी हे पहिल्याच वर्षी शिकवते.

धोका आहेच. स्प्रिंगर बेसवर गेला म्हणजे आघाडीची धाव बेसवर, आणि त्यानंतर आणखी एक वॉक गेला तर फुकटची धाव. पण गुरेरोच्या आधी अजून एक बॅटर होता, त्याच्याशी खेळायला मी तयार झाले असते.

सिडको_ते_मिसिसागा

मी ब्लू जेजची, त्यामुळे लिहू की नको असं झालं होतं. पण ताईंचं वाचून राहवलं नाही. पाचव्या सामन्यात वूचाच चेंडू स्प्रिंगरच्या गुडघ्यावर बसला होता, तो मैदान सोडून गेला. सहाव्याला परत आला आणि सातव्याला हे. 36 वर्षांचा माणूस. आमच्याकडे त्या रात्री रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न थांबत नव्हते, 1993 नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज! पुढे लॉस एंजलिसच्या डॉजर्सने आम्हालाही सातव्याच सामन्यात, 11 व्या इनिंगला हरवलं. तुम्हाला काय वाटलं असेल ते मला पुरतं कळलं.

इंदिरानगर_डबे

सिडकोच्या ताई, मनापासून लिहिलंत, बरं वाटलं. स्प्रिंगरबद्दल माझ्या मनात राग नाही, त्या गुडघ्याने खेळणं सोपं नाही.

सॉफ्टबॉलवाली, तुमचा मुद्दा मी मुलाला फोनवर सांगितला. तो म्हणाला, तिकडे रेडिओवरही लोक हाच वाद घालत होते. पण मुन्योझ आणि वॉक, दोन्ही का नाही? मला तर तेच सगळ्यात योग्य वाटतं. शेवट आठवा, नवव्या इनिंगला आपला हूलिओ स्ट्राइक आउट झाला तेव्हा पुढचा नंबर रॉलीचा होता. फक्त एक माणूस बेसवर हवा होता.

गंगापूर_रोड

क्रिकेटशिवाय काही बघितलेलं नाही, पण हा धागा शेवटपर्यंत वाचला. बुमराला अठराव्या-विसाव्या षटकासाठी राखावं आणि सामना सोळाव्यातच जावा, तसंच ना हे? सुरुवात कुठून करू?

इंदिरानगर_डबे

अगदी तसंच. मार्चअखेर सुरू होईल. पहिले काही दिवस नियम शोधत बसू नका, सकाळी चहाच्या वेळी दोन-तीन इनिंग नुसत्या ऐका. बॉल आणि स्ट्राइकची मोजणी कानाला बसली की बाकीचं आपोआप येतं. आणि जोश नेलरकडे लक्ष ठेवा. परवाच त्याने पाच वर्षांचा करार केला, तो आपल्याकडेच राहतोय.