कर्करोगाच्या तपासणीसाठी कर्मचारी पुढे येत नाहीत; काय करावे?

प्रश्न
आमच्या कारखान्यात सुमारे चारशे जण तीन पाळ्यांत काम करतात आणि त्यांच्या आरोग्य कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या खेपेस पोस्टर लावले, व्याख्यान ठेवले, त्याला गर्दीही झाली. तपासणीसाठी मात्र एकोणीसच नावे आली. नोंदणीचा कागद सूचना फलकावर होता आणि त्यावर एकाही स्त्रीचे नाव नव्हते. आता एका प्रयोगशाळेने सर्वांसाठी रक्तातील ट्यूमर मार्करच्या (कर्करोगात वाढू शकणाऱ्या पदार्थांच्या) चाचण्यांचे पॅकेज देऊ केले असून, रक्त जागेवरच घेतले जाणार असल्याने व्यवस्थापनाला ते सोयीचे वाटते. ते घ्यावे का?

उत्तर १ (औद्योगिक आरोग्य, डॉक्टर)
घेऊ नये. सीईए किंवा सीए-१२५ या ट्यूमर मार्करच्या चाचण्या मुख्यतः निदान झालेल्या रुग्णाच्या उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी उपयोगी पडतात. धूम्रपान करणाऱ्याचा सीईए आणि मासिक पाळीच्या दिवसांत सीए-१२५ एरवीही वाढलेला दिसू शकतो. उलट आकडा सामान्य आला म्हणून कर्करोग नाही असेही ठरत नाही. सरसकट शोधाशोध केली की काय होते, हे दक्षिण कोरियात दिसले: १९९३ ते २०११ या काळात थायरॉईड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण सुमारे पंधरापट झाले, पण त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले.

त्याऐवजी वयानुसार मोजक्या तपासण्या निवडाव्यात. गर्भाशयमुखासाठी जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण स्त्रियांना वयाच्या ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही (हा कर्करोग घडवू शकणारा विषाणू) चाचणी सुचवते. स्तनांसाठी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि मोठ्या आतड्यासाठी शौचातील सूक्ष्म रक्ताची चाचणी कोणत्या वयापासून करावी, हे आपल्या देशाच्या मार्गदर्शक सूचनांवरून ठरवावे. मात्र ज्याला गाठ लागते किंवा ज्याच्या शौचातून रक्त जाते, त्याने शिबिराची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जावे, हे व्याख्यानात ठासून सांगा.

उत्तर २ (पाळीत काम करणारा)
तो कागद आधी काढा. सुपरवायझर उभा असलेल्या फलकावर ‘गर्भाशयमुख तपासणी’च्या रकान्यात कोण नाव लिहील? आमच्याकडे शौचाच्या चाचणीचा संच बंद पाकिटात सर्वांनाच घरी दिला, नाव नोंदवायला लावलेच नाही, आणि ज्यांच्याकडून कधी अपेक्षा नव्हती त्यांनीही नमुने परत आणून दिले. रात्रपाळीवाल्यांना मात्र झोप मोडून यावे लागू नये. त्यांची वेळ पाळी सुटतानाच ठेवा आणि तो वेळ पगारी धरा.

उत्तर ३ (परिचारिका)
एचपीव्हीचा नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो. संकोच निम्मा तिथेच गळतो. पण माझा अनुभव असा, की कार्यक्रम फसतो तो नंतर. शौचात रक्त आढळल्यावर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) झाली नाही, तर पहिल्या चाचणीचा उपयोग जवळजवळ शून्य. तेव्हा फोन कोण करणार, कुठल्या रुग्णालयात पाठवणार आणि खर्च कोण देणार, हे शिबिराच्या आधी लेखी ठरवा. अहवाल थेट त्या व्यक्तीच्या हातात द्यावा. मनुष्यबळ विभागाकडे केवळ एकूण आकडे जावेत.

प्रश्नकर्ता
कागद आजच काढला. पुढील तपासणीसाठी रजा द्यायची झाली, तर ती कोणत्या नावाने द्यावी?

उत्तर ३ (परिचारिका)
‘वैद्यकीय भेट’ एवढेच लिहा आणि दात काढायला जाणाऱ्यालाही तीच रजा द्या, म्हणजे हजेरीपटावरून कुणाला काही ताडता येणार नाही.