मदत हवी आहे : कलम 103 लागलेल्या मावसभावाचा जामीन आणि बचाव

नमस्कार. मालाडच्या चाळीत पाण्यावरून झालेल्या भांडणात माझ्या मावसभावाने शेजाऱ्यांना ढकलले, ते जिन्यावरून पडले आणि डोक्याला मार लागून दोन दिवसांनी रुग्णालयात वारले. त्या घरातला कर्ता माणूस गेला, याचे दुःख आम्हालाही आहे. भाऊ सध्या आर्थर रोड तुरुंगात असून त्याच्यावर भारतीय न्याय संहितेचे कलम 103, म्हणजे खुनाचे, लावले आहे. त्याच्या हातात काहीही नव्हते, आधीचे वैर नव्हते, आणि रिक्षा थांबवून जखमीला रुग्णालयात नेणाऱ्यांत तो स्वतः होता. पूर्वतयारी नसताना अचानक भांडणाच्या भरात, क्रौर्य न करता घडलेला मृत्यू खुनाची व्याख्या करणाऱ्या कलम 101 च्या अपवादात बसून कलम 105 चा सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून सौम्य गुन्हा, ठरू शकतो, असे वाचले आहे.

जाणकारांना विनंती आहे की, दिंडोशी सत्र न्यायालयात जामिनाचा अर्ज आताच करावा की दोषारोपपत्र येईपर्यंत थांबावे, हे कृपया सांगावे. मावशी पोळ्या लाटून घर चालवते, त्यामुळे खासगी वकिलांची फी आवाक्याबाहेर आहे. कोठडीतील आरोपीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. खुनाच्या खटल्यात असे वकील घेतलेल्यांनी आपला अनुभव मोकळेपणाने लिहावा. शिवाय त्या रिक्षाचालकाचा जबाब अद्याप नोंदवलेला नाही. साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप आमच्यावर येऊ नये, यासाठी त्यांच्याशी आम्ही बोलावे की वकिलांमार्फतच जावे?