कड्यावरून मागे रेलताना

रॅपलिंगला, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरताना, टोकाशी पाय लटपटले, रडू आलं, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि बरं वाटलं. म्हणजे मी एकटा नव्हतो! मी तेव्हा पंधरा वर्षांचा. पाठ दरीकडे करून मागे रेलायचं, तो पहिला क्षण सगळ्यात वाईट. मन म्हणतं कातळाला चिकट, आणि चिकटलं की पाय सटकतात. मी नेमका चिकटलो, गुडघा सोलून घेतला. वरून सर ओरडले, "अरे, खुर्चीत बसतोस तसा बस!" बसलो, तळवे सपाट टेकले आणि चक्क उतरलो. खाली पोचल्यावर शहाणपणा करून डिसेंडर (दोर ज्यातून सरकतो ते धातूचं साधन) उघड्या हाताने धरला. दोराच्या घर्षणाने तो चांगलाच तापतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं असेल, माझंच लक्ष नसेल.)

पण खरी टरकली ती 'बिले' देताना, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळताना. वर चढणारा माझ्याच तंबूतला, आदल्या रात्रीच भांडलेलो. ब्रेकचा हात, म्हणजे दोर रोखून धरणारा हात, काही झालं तरी सोडायचा नाही. नाकावर माशी बसली तरी हलवत नव्हतो. तो घसरला, दोर ताणला, मी दोन पावलं पुढे ओढला गेलो. हात सोडला नाही. खाली आल्यावर तो फक्त "पाणी आहे का?" म्हणाला. भांडण कशावरून होतं, आता दोघांनाही आठवत नाही.

शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी १९४१ साली वेल्समध्ये 'आउटवर्ड बाउंड' हे साहस-प्रशिक्षण सुरू केलं, ते तरुण खलाशांना डोळ्यांपुढे ठेवून. कड्यावर मला समुद्र लागल्यासारखंच झालं होतं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध!