मदत हवी आहे : पितळेचं पातेलं, दूध आणि झिंकचं सिरप

सानूचीआई (रात्री ११:४८)
लवकर सांगा प्लीज. साबांनी (सासूबाईंनी) गावाहून पितळेचं पातेलं आणलंय, दोन महिने दूध त्यातच तापतंय. आज लसीला गेलो तर डॉक्टर पोट चाचपून म्हणाले, यकृत जरा हाताला लागतंय, रक्त तपासून घ्या. पातेल्याचं सांगायचं सुचलंच नाही. घरी येऊन वाचलं : पितळेत तांबं असतं, मग लिव्हर, सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जातं तो आजार). हातपाय गार पडलेत. झिंक तांब्याला अडवतं म्हणे. जुलाबाच्या वेळचं सिरप घरात आहे. देऊ का? किती?

गवतीचहा
बाळ केवढं? अंगावर पितं की वरचं दूध? पातेल्याला आतून कल्हई, म्हणजे कथलाचा थर, आहे का?

तांब्यापेला
लोक उगाच घाबरवतात. आमच्याकडे तीन पिढ्या रात्री तांब्यात ठेवलेलं पाणी पितात. माझी शुगर त्यानेच आटोक्यात आहे.

जुनापुणेकर
पाणी वेगळं, दूध वेगळं आणि तुमचं लिव्हर वेगळं. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तांबं धरून ठेवतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी यावर काम केलं, १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. सिरॉसिस झालेल्या मुलांना फार लवकर वरचं दूध सुरू झालेलं, तेही पितळ-तांब्याच्या भांड्यात तापवलेलं. पुढे घरोघरी स्टील आलं आणि तो आजार दिसेनासा होत गेला.

तांब्यापेला
मग आमच्या आज्या काय वेड्या होत्या?

पमाकाकू
आज्या कल्हई करून घ्यायच्या हो! दारात भाता मांडायचा, भांडं तापलं की नवसागर, वर कथील, आणि कापसाच्या बोळ्याने एक फिरकी. आम्ही पोरं तो धूर नाकात जाईपर्यंत हलायचो नाही.

मेथीदाणा
झिंक द्याच. माझ्या मेहुण्याला विल्सनचा आजार आहे (अंगात तांबं साठत जातं), आठ वर्षं झिंक चालू. आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन वाढतं, ते तांब्याला पकडून बसतं, पेशी झडल्या की तांबंही शौचावाटे बाहेर. सोबत भोपळ्याच्या बिया.

गवतीचहा
लसीच्या वयाच्या पोराला बिया? आणि मेहुण्याचं निदान झालंय, तांबं मोजून डोस ठरलाय. इथे अजून रिपोर्टही नाही. झिंक मुख्यतः पोटात येणारं नवं तांबं रोखतं. भांडं बदललं की ते काम फुकटात होतं. शिवाय झिंक फार दिवस जास्त झालं तर उलट तांबं कमी पडून रक्त कमी होतं. सानूचीआई, माझे प्रश्न तसेच आहेत.

चकचकीत
पितळ चिंच-मिठाने घासा, आरशासारखं होतं.

पमाकाकू
अहो, उरलीसुरली कल्हई पण जाईल!

सानूचीआई (१२:३१)
सॉरी, तिला झोपवत होते. परवाच नऊ महिने पूर्ण झाले. अंगावर पिते. वरचं दूध रात्री वाटीभर, नाचणीच्या खिरीत. मोबाइलच्या उजेडात पातेलं बघितलं : कडेला पांढरं, बुडाशी पिवळंधमक. साबांना उठवू?

जुनापुणेकर
झोपू द्या त्यांना. पातेलं माळ्यावर, दूध स्टीलमध्ये, सिरप कपाटात. अंगावरचं चालू ठेवा. सकाळी डॉक्टरांना आधी पातेल्याचं सांगा, मग रक्त द्या. एवढ्या बाळाचं यकृत बरगडीखाली बोटभर लागणं पुष्कळदा नेहमीचंच असतं. पण डोळे पिवळे, लघवी गडद, पोट फुगलेलं, असं काही असेल तर सकाळची वाट बघू नका.

सानूचीआई
तसं काही नाही. परत उठलीये आणि डबे वाजवतेय.

तांब्यापेला
मी तांब्यात लिंबूपाणी भरून ठेवतो ते चालतं ना?

पमाकाकू
आधी ओतून या ते. आणि नाशकात कोणाला कल्हईवाला माहीत आहे का? माझी तीन पातेली पडून आहेत.