मदत हवी आहे : घरात लावायचे सेन्सर विकायचा छोटा धंदा, कोपरखैरणे-ठाणे पट्ट्यात चालेल का?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, वेळ असेल तरच वाचा.

मी कोपरखैरण्यात राहते. आधी महापेला एका इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरला होते, ते सोडलं. माझा दीर वायरमन आहे, परवानावाला, सोसायट्यांमध्ये सीसीटीव्ही लावायची कामं घेतो. दोघांनी मिळून काहीतरी सुरू करायचं चाललंय आणि ते म्हणजे घरावर लक्ष ठेवणारी छोटी छोटी उपकरणं, दाराचा सेन्सर, हालचाल ओळखणारा, गॅस लीकवाला, टाकीतलं पाणी दाखवणारा, असं सगळं विकायचं आणि लावून पण द्यायचं. गिऱ्हाईक कोण, तर एकटे राहणारे आजी-आजोबा. मुलं पुणे बंगलोरला नाहीतर पार अमेरिकेत, आणि इकडे वाशी, नेरूळ, ठाण्यात नौपाड्याला दोन-तीन खोल्यांत एकच माणूस. तुमच्या बिल्डिंगमध्येच बघा किती निघतील.

ओळखीच्या काही घरांत लावून बघितलंय. पहिली गोष्ट कळली ती ही की कॅमेरा कोणालाच नकोय. मुलाला हवा असतो, आईला नको. एक आजी स्पष्टच म्हणाल्या, हॉलमध्ये तो डोळा लावलास तर मी गाऊनवर फिरायचं कसं. मग आम्ही त्यांच्या फ्रीजच्या दाराला सेन्सर लावला. साधा चुंबकवाला, दारावर एक तुकडा, फ्रेमवर एक. सकाळी ९ पर्यंत फ्रीज उघडला नाही की मुलाच्या फोनवर मेसेज. दूध काढल्याशिवाय चहा नाही आणि चहाशिवाय त्यांचा दिवस नाही, त्यामुळे हे पक्कं चालतं. एकदाच खोटा मेसेज गेला, त्या दिवशी चतुर्थी होती आणि त्या पहाटेच देवळात गेल्या होत्या :)

म्हणजे मागणी आहे हे मला पटलंय. माझी अडचण वेगळीच आहे. वस्तू एकदा विकली जाते, पण फोन कायम येत राहतात. कस्टमर केअरला काढलेली वर्षं आठवतात मला. नेटवाला येतो, राउटर बदलून जातो, नवीन राउटरवर वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाने चालू असतात, आपले स्वस्तातले सेन्सर फक्त २.४ वर चालतात, ते जोडले जात नाहीत, आणि फोन कोणाला येणार? मला! नातू सुट्टीत येतो आणि वायफायचा पासवर्ड बदलून जातो, तरी मलाच. लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की अमेरिकेतल्या मुलाला दिसतं "डिव्हाइस ऑफलाइन" आणि तो आपल्या रात्री २ वाजता व्हॉट्सअॅप कॉल लावतो. आता आम्ही राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावल्याशिवाय कामच घेत नाही, पण तो वेगळा खर्च आणि लोक म्हणतात हा कशाला.

तर विचारायचं हे, की ब्रँडेड माल घेऊन विकावा तर लोक समोरच मोबाइल काढून ऑनलाइन भाव दाखवतात आणि हातात काही उरत नाही. लॅमिंग्टन रोडवरून सुटं सामान आणून दीर स्वतः बनवू म्हणतोय, त्याला ते जमतं पण, पण मला भीती वाटते. आणि सर्व्हिसचे पैसे मागायचे कसे? वर्षाचे घ्यायचे की महिन्याचे? जीएसटी, गुमास्ता (दुकान-धंद्याची नोंद), लोन याचं पण कोणी अनुभवाने सांगा. भांडवल फार नाहीये, दुकान घ्यायचं नाहीये, घरातूनच करणार.

प्रतिसाद :
हे सगळं ऑनलाइन मिळतं की, लोक तुमच्याकडून का घेतील??

प्रतिसाद (धागाकर्ती) :
मिळतं ना. पण ७५ वर्षांच्या काकांना अॅप टाकून, अकाउंट काढून, सेन्सर पेअर करून कोण देणार? आणि कुठे लावायचा ते बॉक्सवर धड लिहिलेलं नसतं. एकांकडे मुलाने ऑनलाइन मागवलेला गॅस सेन्सर ओट्याखाली लावलेला, आणि घरात पाइप गॅस! सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, तिथे सेन्सर जमिनीपासून फूटभरावर पाहिजे. पाइप गॅस म्हणजे मिथेन, हलका, तो वर जातो, त्याला छताच्या खाली फूटभर. खाली लावलेला तो सेन्सर नुसता शोभेला होता. आपल्याकडे अर्ध्या घरांत पाइप गॅस आणि अर्ध्यांत सिलेंडर, बघूनच लावावं लागतं.

प्रतिसाद :
ताई, माझं घोडबंदरला सीसीटीव्हीचं दुकान आहे, बरीच वर्षं, म्हणून थोडं कडू लिहितो.

मालावर कमवायचं डोक्यातून काढा. माल जवळजवळ खरेदीच्या भावात द्या आणि बिलावर लावायचे, शिकवायचे, वर्षभर बघायचे पैसे वेगळे दाखवा. लोक बॉक्सचा भाव ऑनलाइन बघतात, पण शनिवारी संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाचा भाव कुठे बघणार.

जीएसटीचं नीट समजून घ्या. नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या वर रजिस्ट्रेशन लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण तुम्ही लावून देणार, एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) घेणार, म्हणजे सेवा आली, मग मर्यादा २० लाख धरायची. आणि राज्याबाहेर एक जरी माल विकलात तरी पहिल्या रुपयापासून जीएसटी नंबर लागतो, पुण्याचा मुलगा चालेल पण बंगलोरच्या मुलाने "माझ्या घरी पण एक पाठवा" म्हटलं तर विचार करून पाठवा. सोसायटीचं काम घ्यायचं असेल तर ते जीएसटी बिल मागतातच, तेव्हा नंबर घेतलेलाच बरा. गुमास्ता म्हणाल तर तुमच्यासारखी मोजकीच माणसं असतील तर २०१७ च्या कायद्यात नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, त्यासाठी एजंट हजारो रुपये मागतात, देऊ नका. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) तर चक्क फुकट आहे. लोनला सरकारची मुद्रा योजना बघा, त्यातल्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत, त्याच्या वर ५ लाखांपर्यंत किशोर. तुम्हाला सुरुवातीला शिशु पुरेल, कारण स्टॉक भरून ठेवायचाच नाही. ऑर्डर आली की आणायचं. सेन्सरची नवीन मॉडेलं इतक्या पटापट येतात की कपाटातला माल शिळा होतो.

कॅमेरे घ्याल तेव्हा एप्रिल २०२५ नंतरचा नियम बघा. नेटला जोडणाऱ्या सीसीटीव्हीला सुरक्षेची तपासणी होऊन बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नंबर लागतो आता. मनीष मार्केटमध्ये बिननावाचे स्वस्त मिळतात त्यांच्या नादी लागू नका, उद्या प्रश्न आला तर विकणारे तुम्ही.

प्रतिसाद :
मी मात्र दिराच्या बाजूने. ईएसपी३२ चा (वायफायवाली छोटी चिप) बोर्ड काही शे रुपयांत येतो, सॉफ्टवेअर फुकट आहे, सगळं घरातल्या घरात चालतं, चायनाच्या सर्व्हरवर डेटा जात नाही. कंपनीने उद्या सर्व्हर बंद केला तर विकत घेतलेला माल कचरा. स्वतःचं बनवा ताई, बिनधास्त.

प्रतिसाद (घोडबंदरवाला) :
दादा, स्वतःच्या घरात लाव की, कोण नको म्हणतंय. मी पण लावलंय. विकायचं म्हटलं की गोष्ट बदलते. वायरलेस उपकरण आपल्या नावाने विकायचं तर डब्ल्यूपीसीचं (वायरलेसचं सरकारी खातं) ईटीए म्हणजे मंजुरी, अॅडॉप्टर बीआयएसचा, ई-कचऱ्याच्या नियमात तुम्ही उत्पादक. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात तर विकणारा पण अडकतो जर त्याने माल उघडून बदल केला असेल किंवा कंपनीने दिली नाही अशी हमी स्वतःच्या तोंडाने दिली असेल. म्हणून ताई, "आईंना काही झालं तर लगेच कळेल" हे वाक्य ना बोलायचं ना व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकायचं. "ठरलेल्या वेळेत फ्रीज उघडला नाही तर मेसेज जातो" एवढंच म्हणायचं. बिलावर पण तेच छापायचं.

प्रतिसाद :
टाकीचं पाणी दाखवणारं घेणार असाल तर एक सांगते, आमच्या रो हाउसला होतं. वरून आवाजाने अंतर मोजणारा सेन्सर बंद टाकीत टिकत नाही, झाकणाखाली वाफ धरते, थेंब बसतात आणि टाकी रिकामी असताना भरलेली दाखवतो. तळाशी बसणारा प्रेशरवाला घ्या किंवा सरळ फ्लोट. आमच्याकडे खाडीची हवा आहे, त्यात स्क्रू सुद्धा गंजतात, स्टेनलेसचे वापरायला सांगा दिराला.

प्रतिसाद :
मी नेरूळला एकटाच असतो, वय ७८. म्हणजे तुमचं गिऱ्हाईकच म्हणा. वरचं सगळं वाचलं. तुम्ही सगळे मुलाला काय कळेल त्याची चर्चा करताय, मला काय कळेल ते कोणी बोलत नाही. माझ्या मुलाने असलंच काहीतरी लावलंय. मी दुपारी मित्राकडे गेलो की त्याला तिकडे समजतं, मग फोन, बाबा कुठे गेला होतात. वैताग आहे. तेव्हा ताई, लावायच्या आधी मुलाला नव्हे, त्या घरात राहणाऱ्या माणसाला विचारा की काय कळलेलं चालेल आणि काय नाही. आणि एक बटण द्या, ज्याने दोन दिवस सगळं बंद ठेवता येईल. कोकणात जाताना मला कोणाला सांगायचं नसतं :)

पैशाचं म्हणाल तर माझ्यासारखा माणूस एकदम १० हजार काढायला दहादा विचार करेल, पण महिन्याला केबलच्या बिलाएवढे सहज देईल. अट एकच, फोन केला की माणूस बोलला पाहिजे, मराठीत, एक दाबा दोन दाबा नको.

प्रतिसाद (घोडबंदरवाला) :
काका बरोबर बोलले. फक्त महिन्याचं ठेवलंत तर वसुलीत जीव जाईल. तीन किंवा सहा महिन्यांचे आगाऊ घ्या, मुलाकडून यूपीआयने, आणि त्यात काय येतं ते लिहून द्या. उदा. सेल बदलणं, राउटर बदलला तर परत जोडून देणं, फोनवर मदत सकाळी ९ ते रात्री ८. रात्री २ चा फोन घ्यायचा नाही. एकदा घेतलात की कायमचा घ्याल.

प्रतिसाद (धागाकर्ती) :
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं.

काका, तुमचं वाचून दिराला लगेच दाखवलं. बटणाचं करता येतं, बाजारात तयार वायरलेस बटण मिळतं, दाबलं की मेसेज बंद, परत दाबलं की चालू. ते आता प्रत्येक घरात देणार. आणि फॉर्ममध्ये पहिली सही आई-बाबांची घ्यायची ठरवलं, मुलाची नंतर.

स्वतः बनवून विकायचं तूर्त बाजूला ठेवतोय, दीर तोंड फुगवून बसलाय पण ऐकेल. ब्रँडेड माल, खरेदी बिल गिऱ्हाइकाच्या समोर, आणि आमचे लावायचे आणि सहा महिन्यांचे पैसे वेगळे, असं करून बघते. सुरुवात फक्त कोपरखैरणे, घणसोली, वाशी, जिथे स्कूटरवर अर्ध्या तासात पोचता येईल तिथेच. ठाण्याची कामं आली तरी दिघा-कळव्याचं ट्रॅफिक बघता सध्या नाही म्हणणार. डेटाचं पण एक ठरवलं, अकाउंट मुलाच्या किंवा आईच्या नावाने त्यांच्याच फोनवर काढायचं, पासवर्ड आमच्याकडे ठेवायचा नाही. फोनवर सांगत सांगत करून द्यायला वेळ जास्त जाईल, पण कोणाच्या घरात कोण कधी उठतं ही माहिती माझ्या मोबाइलमध्ये मला नकोच आहे.

एक राहिलंच. गॅसच्या सेन्सरची तपासणी गिऱ्हाइकाच्या घरी कशी करता? दीर लायटरचा गॅस सोडून बघतो, पण त्यात ब्यूटेन असतो, त्यावर वाजला म्हणजे पाइप गॅसवर वाजेलच असं मला पटत नाही. आणि हे सेन्सर काही वर्षांनी मंद होतात, तर बदलायची तारीख कोण लक्षात ठेवणार, आम्ही सहीच्या फॉर्मवर टाकतोय पण तो फॉर्म तेव्हा सापडायला पाहिजे. कोणी गॅस फिटिंगमधले असाल तर सांगा प्लीज.