पत्रा तोलून घ्या, आणि स्क्रू कुठं मारतात ते बघा
छपराचा जस्ती पत्रा घेताना 'आयएसआय छाप बघितला की झालं' असं काहीजण सांगतात, ते निम्मं बरोबर. छाप हवाच, पण आयएस २७७ मध्ये, म्हणजे जस्ती पत्र्याच्या भारतीय मानकात, जस्ताच्या थराचे बरेच दर्जे आहेत. चौरस मीटरला १२० ग्रॅमही आणि २७५ ग्रॅमही, तेही दोन्ही बाजू मिळून. १२० म्हणजे एका अंगाला जेमतेम आठ-साडेआठ मायक्रॉन. तेव्हा जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त) किती, ते बिलावर लिहून घ्या. जाडीसाठी पत्रा सरळ काट्यावर ठेवा. अर्ध्या मिलिमीटरचा चौरस मीटरला साधारण ३.९ किलो भरतो, ०.४० चा ३.१. फक्त चौरस मीटर काढायला रुंदी धरताना दोरी पन्हळींच्या वळणावळणातून फिरवायची. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या.

पण आमच्या उदगीरकडच्या गोठ्याचा पत्रा चांगला असूनही तिसऱ्याच पावसाळ्यात गळायला लागला. वर चढून पाहिलं तर स्क्रू सगळे पन्हळीच्या खोलगट भागात, म्हणजे पाणी जिथून वाहतं नेमकं तिथं. रबरी वायसर बोटानं दाबला की बिस्किटासारखा चुरायचा, आणि भोकाभोवती तांबूस ओघळ. छपराला स्क्रू माथ्यावर हवा. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "खाली मारलं की पत्रा दबत नाही, काम लवकर उरकतंय. तुम्हालाच तर घाई होती की मालक." घाई होती खरी, मृग तोंडावर आला होता.